दैव पाचवं आहे

ऑर्थो वॉर्डात नवा पेशंट आला की दोन वाक्यं ठरलेली असत. पलंगाशेजारी उभा असलेला मुलगा म्हणे, ‘चालताना लक्षच नसतं हिचं.’ आणि पलंगावरची आई, पायाला वजन लावलेलं असताना, छताकडे बघत म्हणे, ‘नशिबात होतं बाबा.’ परिचारिकेची नोकरी संपवून मी वाईला घरी आले, तरी ही दोन वाक्यं माझ्यामागून आली. वरवर ती एकमेकांच्या उलट आहेत. एकात सगळा दोष पडणाऱ्याचा, दुसऱ्यात कुणाचाच नाही. पण दोन्हींमुळे होतं एकच: चौकशी तिथेच थांबते. मोरीतली फरशी तशीच ओली राहते, बोळातला दिवा तसाच बंद राहतो, आणि काही महिन्यांनी त्याच घरातलं दुसरं माणूस त्याच वॉर्डात दाखल होतं. हे मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

आमच्या आळीतल्या विठ्ठलमंदिरात संध्याकाळी ज्ञानेश्वरीचं वाचन असतं. बसणारी मंडळी बहुतेक सत्तरीपुढची. वाचणारे गुरुजी निवृत्त संस्कृत शिक्षक आहेत आणि ते मला अजूनही ‘सिस्टर’ अशीच हाक मारतात. गेल्या चातुर्मासात आम्ही अठराव्या अध्यायात त्या जागी पोहोचलो, जिथे भगवंत अर्जुनाला सांगतात की कोणतंही कर्म पूर्ण व्हायला पाच कारणं लागतात. अधिष्ठान, कर्ता, वेगवेगळी साधनं, वेगवेगळ्या हालचाली, आणि पाचवं दैव. शरीरानं, वाणीनं, मनानं माणूस जे जे करतो, बरं किंवा वाईट, त्या सगळ्यामागे ही पाच असतात. मी अनेकदा ऐकलेला भाग. पण त्या संध्याकाळी आमच्या वाचनातल्या एक काकू आलेल्या नव्हत्या. आदल्या आठवड्यात त्या घरात पडल्या होत्या, खुब्याचं हाड मोडलं होतं, आणि वाचनाआधी सगळी त्याच विषयावर हळहळत होती. ‘तिचं प्रारब्ध’ असं म्हणून तो विषय मिटलाही होता. मग गुरुजींनी दैव पाचवं म्हणून वाचलं आणि मला राहवेना. मी विचारलं, ‘गुरुजी, दैव पाचवं आहे तर मग आपण ते पहिलं का सांगतो? मधली चार कुठे गेली?’

गुरुजी विचारी माणूस. त्यांनी मला तिथल्या तिथे गप्प केलं नाही, पण एक आक्षेप घेतला, आणि तो आक्षेप भक्कम होता. ते म्हणाले, ‘सिस्टर, ही कारणं कर्माची आहेत. पडणं हे कर्म आहे का? कुणी पडायचं म्हणून पडत नाही. ते घडतं.’

मी बरेच दिवस यावर विचार केला. पडणं कुणी करत नाही, हे खरं. पण काकू रात्री उठल्या, बोळातून चालल्या, मोरीकडे वळल्या, हे त्यांनी केलं. ते कर्म होतं. पडणं हा त्या कर्माचा शेवट, जो त्यांना नको होता. आणि एखादं कर्म बिघडलं असेल तर ते ज्या पाच गोष्टींनी उभं राहतं त्यांपैकी कुठली कमी पडली, हे विचारणं गीतेला धरूनच आहे. तिथे म्हटलंच आहे की उलट्या कर्मालाही हीच पाच.

म्हणून मी काकूंच्या घरी गेले तेव्हा त्या पाचांच्या क्रमानंच पाहिलं. पहिलं अधिष्ठान. शंकराचार्य आणि ज्ञानदेव त्याचा अर्थ देह असा करतात, टिळक गीतारहस्यात जागा असा करतात. पडण्याच्या बाबतीत दोन्ही अर्थ लागू आहेत. जागा अशी की स्वयंपाकघरातून मोरीकडे जाताना एक पायरी खाली उतरते, पायरी आणि फरशी एकाच काळ्या कडाप्प्याची, त्यामुळे कड दिसतच नाही. पायरीवर जुन्या साडीचं पायपुसणं, खाली काही धरून न राहणारं. देह असा की पाळी गेल्यानंतरच्या वर्षांत हाडं पोकळ झालेली, आणि मांडीचे स्नायू इतके उतरलेले की खुर्चीतून उठताना दोन्ही हात टेकावे लागतात. दुसरा कर्ता: काकू स्वतः, ज्यांना कुणाची झोपमोड नको असते, म्हणून त्या दिवा लावत नाहीत आणि सुनेला हाक मारत नाहीत. तिसरी साधनं: एका डोळ्यात पिकलेला मोतीबिंदू, ‘दिवाळीनंतर बघू’ म्हणून ठेवलेला; पायात तळ गुळगुळीत झालेल्या सपाता; काठी दाराआड, कारण काठी घेतली की म्हातारपण आलं. चौथी हालचाल: पडून असलेलं माणूस एकदम उठून तरातरा निघालं. महिनाभरापूर्वी ब्लडप्रेशरसाठी लघवीची गोळी सुरू झाली होती आणि ती संध्याकाळी घेतली जात होती. त्या गोळीनं रात्री दोनदा उठवलं, आणि तिनंच उभं राहताना रक्तदाब खाली आणला. डोळ्यांपुढे अंधारी आली, पाय पायपुसण्यावर पडला.

पाचवं दैव. इथे मला आचार्यांच्या भाष्यानं चकित केलं. शंकराचार्य या ठिकाणी दैव म्हणजे डोळे वगैरे इंद्रियांवर अनुग्रह करणारे आदित्यादी देव, असा अर्थ देतात. ज्ञानदेवही इंद्रियांमागे उभ्या असलेल्या देवतांकडेच बोट दाखवतात. डोळा आहे, पण सूर्य नसेल तर डोळा काय बघणार? काकूंच्या घरात बोळाच्या दिव्याचं बटण बोळाच्या दुसऱ्या टोकाला आहे. मोरीपर्यंत अंधारात चालत गेल्यावर ते हाताला लागतं. ज्या दैवाच्या नावावर आम्ही ते पडणं खपवलं, त्या दैवाचा आचार्यांनी सांगितलेला अर्थ धरला तर त्यातलासुद्धा काही भाग पलंगाशेजारच्या एका छोट्या दिव्यानं घरात आणता आला असता.

हे सांगताना मी पाखंड करते आहे असं काहींना वाटलं. वाचनातले एक अण्णा म्हणाले, ‘प्रारब्ध भोगूनच संपतं. मोरीत धरायला दांड्या बसवून कुणाचं प्रारब्ध टळलंय?’ हा प्रश्न जुना आहे आणि आपल्याकडच्या वैद्यांनी तो टाळलेला नाही. चरकसंहितेच्या विमानस्थानात, तिसऱ्या अध्यायात, अग्निवेश गुरूंना विचारतो की आयुष्य ठरलेलं असतं की नाही. आत्रेय सांगतात की ते दैव आणि पुरुषकार या दोन्हींच्या मेळावर अवलंबून असतं. आणि मग ते उलटं विचारायला लावतात: सगळंच ठरलेलं असेल तर औषध कशाला, मंत्र कशाला, पिसाळलेल्या हत्ती-बैलांपासून दूर पळायचं कशाला, आणि तुटलेले कडे, खडबडीत उंचसखल जागा, पाण्याचे लोंढे तरी टाळायचे कशाला? कडा आणि उंचसखल जमीन! पडण्याचं उदाहरण चरकानं स्वतःच दिलेलं आहे. पुढे गाडीच्या आसाचा दाखला आहे. चांगला आस नीट चालवला तर आपल्या ठरल्या काळानं झिजून थांबतो. तोच जास्त ओझं, वाईट रस्ता, वंगणाचा अभाव यांमुळे मध्येच मोडतो. दोन्ही वेळा आस थांबला, पण दोन्ही थांबणी सारखी नाहीत.

अण्णांना मी एवढंच म्हटलं की प्रारब्ध असेलही, पण ते घडून गेल्यावर कळतं. आधी कुणीही वाचलेलं नसतं. जे मी वाचलेलंच नाही त्याचा आधार घेऊन मी फरशी ओली ठेवू शकत नाही. माझं यापुढचं मत जरा कडक आहे, आणि मी त्यावर ठाम आहे: माणूस पडण्याआधी प्रारब्धाचं नाव कुणीच घेऊ नये, आणि पडल्यानंतर ते घेण्याचा हक्क फक्त पडलेल्याला आहे. खाटेवरच्या आईनं ‘नशिबात होतं’ म्हटलं तर तिला त्यानं धीर येतो. तिचं ते वाक्य पवित्र आहे. तेच वाक्य मुलानं म्हटलं की तो आपली सुटका करून घेत असतो. आणि ज्यांच्या हातात इमारत, मंदिर, रस्ता आहे त्यांनी म्हटलं तर तो अधर्म आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार दरवर्षी जगात सुमारे 6,84,000 माणसं पडल्यामुळे मरतात. अपघाती मृत्यूंच्या कारणांत हे रस्ते अपघातांनंतरचं दुसरं मोठं कारण. त्यांतले ऐंशी टक्क्यांहून जास्त मृत्यू गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत होतात, आणि वयानं पाहिलं तर साठीपुढच्यांत सर्वाधिक. हे सगळं केवळ दैव असतं तर त्यानं देशाचं उत्पन्न बघून माणसं का निवडली असती?

वाईत बसून हा विषय बोलायचा तर मांढरदेवीचं नाव घ्यावंच लागतं. इथून डोंगरावरचं काळुबाईचं ठाणं दिसण्याइतकं जवळचं आहे आमच्या मनाला. 25 जानेवारी 2005, पौष पौर्णिमा, यात्रेचा मुख्य दिवस. लाखोंची गर्दी, अरुंद चढाची वाट, दगडी पायऱ्या, आणि फोडलेल्या नारळांच्या पाण्यानं त्या निसरड्या झालेल्या. माणसं घसरली, पडली, त्यांच्यावर माणसं पडली. त्यात दुकानांना आग लागली. अडीचशेहून जास्त जीव गेले. मी तेव्हा जिल्ह्यातच नोकरीला होते. त्यानंतरच्या दिवसांत दोन गोष्टी कानावर येत होत्या. एक, देवीचा कोप. दुसरी, लोकांना शिस्त नाही. वॉर्डातलीच ती दोन वाक्यं, फक्त डोंगराएवढी झालेली. सरकारनं न्यायमूर्ती राजन कोचर यांचा चौकशी आयोग नेमला. म्हणजे कुणीतरी मधल्या चार कारणांकडे बघायला बसलं, आणि माझ्या दृष्टीनं ते धर्माचंच काम होतं.

त्या पायऱ्यांचा विचार माझ्या मनातून जात नाही. तिथलं पाणी दुष्टाव्यानं सांडलेलं नव्हतं. कुणी नवस फेडत होतं, कुणी लेकरासाठी नारळ वाढवत होतं. ज्या भक्तीनं ते पाणी सांडलं, तीच भक्ती मागून येणाऱ्याच्या पायाखालची निसरड झाली. भक्ती आपली आणि देवाची असते असं आपण धरून चालतो. पण मधे पायरी असते, आणि पायरी मागून येणाऱ्याचीही असते. जैन साधूंच्या आचारात ईर्यासमिती आहे: पुढची चार हात जमीन नजरेखाली घालून मगच पाऊल टाकायचं. मनुस्मृतीतही संन्याशाला नजरेनं शुद्ध केलेल्या जागी पाऊल ठेवायला सांगितलं आहे. हे दोन्ही नियम आपल्या पायाखाली जीव मरू नये म्हणून आहेत. पायाखालची जमीन बघणं हे आपल्या परंपरांनी साधनेत बसवलेलं आहे. मग मागून येणाऱ्यासाठी ती पुसून कोरडी ठेवणं साधनेबाहेर कसं राहील?

आता पडल्यानंतरचं. इथे मला जास्त वेळ थांबायचंय, कारण माणसं पडण्यानं जेवढी जायबंदी होतात त्यात भर पडते ती उचलण्यानं.

घरात धप्प असा आवाज होतो. सगळी धावतात. दोघं काखेत हात घालतात आणि पडलेल्याला उभं करतात, तिसरा पाणी आणतो, चौथा तेल. यात प्रेम आहे, शंकाच नाही. पण मी इतक्या वर्षांत ओळखायला शिकले की त्या घाईत आपलं स्वतःचंही काही असतं. आपलं माणूस जमिनीवर आडवं पडलेलं आपल्याला बघवत नाही. ते उभं राहिलं की आपली भीती शमते. म्हणजे आपण त्याला उचलत असतो ते आपल्याला बरं वाटावं म्हणूनही. फळाची आस सोडून कर्म करावं, हे आपण पाठ म्हणतो; त्याची परीक्षा रणांगणापेक्षा मला मोरीच्या दारात जास्त वेळा होताना दिसली. तिथे पहिलं निष्काम कर्म म्हणजे हात आवरून खाली बसणं.

खाली म्हणजे खरंच खाली, फरशीवर, त्यांच्या चेहऱ्यासमोर. खांद्यावर हात ठेवायचा आणि नावानं हाक मारायची. ‘काकू, मी आहे. हलू नका. आधी सांगा, कुठे दुखतंय?’ मान किंवा पाठ दुखतेय का, हातापायांना मुंग्या किंवा बधिरपणा आहे का, पायाची बोटं हलतात का. मानेचं किंवा पाठीचं दुखणं असेल, हात-पाय हलत नसतील, तर डोकं दोन्ही हातांनी आहे तिथेच स्थिर धरायचं आणि रुग्णवाहिकेची वाट बघायची. महाराष्ट्रात 2014 पासून 108 हा नंबर आहे. तो फोन आधी, नातेवाइकांचे नंतर.

हाकेला ओ नसेल तर श्वास बघायचा. श्वास चालू आहे पण शुद्ध नाही, तर डोकं, मान, धड एका रेषेत ठेवून सगळं शरीर एकदम कुशीवर वळवायचं, म्हणजे जीभ किंवा उलटी घशात अडकत नाही. कांदा हुंगवू नये, चप्पल नाकाशी धरू नये, तोंडात पाणी मुळीच घालू नये. श्वास नीट चालत नसेल, नुसते आचके येत असतील, तर 108 ला फोन लावून छातीच्या मधोमध तळहातानं दाब द्यायला लागायचं, पाच-सहा सेंटिमीटर खोल, मिनिटाला 100 ते 120. मदत येईपर्यंत थांबायचं नाही.

शुद्धीत आहेत, पण एक पाय दुसऱ्यापेक्षा आखूड दिसतोय, पाऊल बाहेरच्या अंगाला वळलंय, जांघेत कळ येतेय: हे बहुतेक खुब्याचं मोडणं. पाय ओढून सरळ करायचा नाही, चोळायचा नाही, ‘जरा उभ्या राहून बघा’ म्हणायचं नाही. दोन पायांच्या मधे उशी किंवा घडी केलेली चादर ठेवायची आणि अंगावर पांघरूण घालायचं. चहापाणीही देऊ नये, कारण ऑपरेशनसाठी भूल द्यावी लागली तर पोट रिकामं लागतं. आपल्या घरांत हे शेवटचं पाळणं सर्वांत अवघड जातं. आजारी माणसाला चहा नाकारणं पाप वाटतं. कधीकधी मोडलेली टोकं एकमेकांत रुतून बसतात आणि माणूस चार पावलं चालतोसुद्धा. म्हणून चालता आलं म्हणजे मोडलं नाही असं समजू नये. जांघ दुखत राहिली तर एक्स-रे हवाच.

मनगटावर पडलेल्या बाईच्या बांगड्या आणि अंगठ्या सूज चढण्याआधी काढायच्या. लगेच. तासाभरानं पाटली निघत नाही, ती कापावी लागते आणि तोवर बोटं निळी पडायला लागतात. माझ्यासमोर कितीतरी बायकांनी मनगट मोडलेलं असताना हात मागे घेतला आहे, कारण हिरव्या बांगड्या काढायच्या कशा. मी त्यांना कधी हसले नाही आणि त्यांच्यावर ओरडलेही नाही. मी दुसऱ्या हातातल्या बांगड्या दाखवून म्हणत असे, ‘या आहेत ना हातात, पुऱ्या आहेत.’ मग त्या हात पुढे करत. त्या हातावर घडी घातलेलं वर्तमानपत्र किंवा मासिक खालून बांधलं, ओढणीची झोळी गळ्यात घातली, की एक्स-रेपर्यंत पुरतं. कापडात गुंडाळलेला बर्फ पंधरा-वीस मिनिटं. तेल लावून चोळणं आणि शेक पहिल्या दोन दिवसांत नको.

डोक्याला खोक पडली तर रक्त खूप वाहतं आणि घाबरायला होतं. स्वच्छ कापड घट्ट दाबून धरायचं, दहा मिनिटं, मधे उचलून बघायचं नाही. हळद, कॉफी, चुना काहीही भरायचं नाही. माझी खरी काळजी वेगळीच असते: वरून काहीच न दिसणारा मार. रक्त पातळ करणारी गोळी चालू असलेल्या माणसानं डोकं आपटून घेतलं तर ‘मला काही झालं नाही’ म्हणाला तरी त्याला दवाखान्यात न्यायचं. पुन्हा पुन्हा उलटी, वाढत जाणारी डोकेदुखी, गुंगी, बोलण्यात गोंधळ, झटका, एका बाजूचा अशक्तपणा, नाका-कानातून पाण्यासारखा स्राव, यांतलं काहीही दिसलं तर थांबायचं नाही. म्हाताऱ्या माणसांत कवटीच्या आत रक्त इतकं हळू साठतं की काही आठवड्यांनी लक्षात येतं. आजोबा हल्ली विसरायला लागलेत, चालताना झुकतात, वय झालं, असं घर म्हणत राहतं. महिन्यापूर्वी ते न्हाणीत पडले होते हे कुणाला आठवत नाही, किंवा त्यांनी सांगितलेलंच नसतं.

न सांगणं. हा या सगळ्यातला माझ्या मते सर्वांत मोठा अधर्म आहे, आणि तो पडणाऱ्याचा नाही. पडलं की बोलणी खावी लागतात. ‘कशाला उठलात?’ ‘सांगता येत नाही का?’ ‘आता आम्हाला रजा काढावी लागणार.’ म्हणून पडलेली आजी नातवाला सांगते, ‘आईला बोलू नको हं.’ पुढच्या पडण्याची सूचना देणारी एक ठळक गोष्ट म्हणजे आधीचं पडणं, आणि तीच आपण शरमेनं बंद करून टाकतो. गीतेत त्या पाच कारणांच्या लगेच पुढे म्हटलं आहे की असं असताना जो केवळ आत्म्यालाच कर्ता समजतो, त्याला खरं दिसत नाही. आचार्यांचा तिथला रोख आत्म्याच्या अकर्तेपणावर आहे, हे मला मान्य आहे. पण तो विचार घरातल्या पायरीपर्यंत उतरवायला हरकत नसावी. पाचातलं एकच कारण धरून ‘तूच पडलीस’ म्हणणारा माणूस ते पडणं बघतच नाही. त्यानं विचारायला हवं ते हे: उठताना चक्कर आली की पाय अडकला? नवीन गोळी कोणती? दिवा होता का?

काहीच मोडलेलं नसेल तरीही ओढून उठवू नये. त्यांना आधी कुशीवर वळू द्यावं, मग हात-गुडघ्यांवर, मग समोर भक्कम खुर्ची आणून ठेवावी. खुर्चीवर हात टेकून एक पाय पुढे, मग दुसरा, मग वळून बसायचं. आपण फक्त खुर्ची धरायची. या पद्धतीनं माणूस स्वतः उठतो, आणि स्वतः उठल्यानंच त्याची पुढची भीती कमी होते. पडण्याच्या भीतीनं जो चालणं सोडतो त्याचे पाय आणखी उतरतात आणि तो अधिक पडतो. सकाळी ओट्याला धरून एका पायावर उभं राहणं, खुर्चीतून हात न टेकता उठबस करणं, हे रोज करणारी म्हातारी माणसं कमी पडतात. मी आमच्या वाचनाआधी सगळ्यांना खांबांना धरून उभं करते. गुरुजींसकट.

आमच्यातल्या बहुतेकांना एकादशी असते आणि निम्म्यांना मधुमेह. उपासाच्या दिवशी जेवण नाही पण साखरेची गोळी नेहमीची, असं झालं की साखर उतरते, घाम सुटतो, हात थरथरतात, आणि माणूस प्रदक्षिणेत कोसळतो. शुद्धीत असेल तर लगेच साखरपाणी. शुद्ध नसेल तर तोंडात काही नाही, 108. पण त्याआधीच, उपास करायचा तर गोळीचं काय करायचं हे डॉक्टरांना विचारून घ्यावं. यावर अण्णांचा पुन्हा आक्षेप होता, आणि त्याला उत्तर माझ्याऐवजी गुरुजींनी दिलं. विदुरनीतीत ज्या आठ गोष्टींनी व्रत मोडत नाही असं म्हटलं आहे त्यांत पाणी, कंदमुळं, फळं, दूध आहेत, आणि औषधही आहे. अण्णा काही बोलले नाहीत, पण पुढच्या एकादशीला त्यांनी दूध घेतलं.

एवढं सगळं करूनही माणसं पडतात. हे मला मोकळेपणानं म्हणायला हवं, नाहीतर माझं बोलणं खोटं ठरेल. आमच्या आळीत एक निवृत्त शिक्षिका होत्या. त्यांच्या घरात दांड्या होत्या, रबरी पाट होता, दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं झालेली, रोजचा व्यायाम. त्या भर दुपारी, कोरड्या फरशीवर, काहीही कारण नसताना पडल्या. त्यांच्या नातीनं मला रडत विचारलं, ‘मग आजीनं एवढं केलं त्याचा उपयोग काय झाला?’ मी तिला सांगितलं की आजीच्या गळ्यात शिट्टी होती आणि शेजारी तिची किल्ली होती, म्हणून ती दहा मिनिटांत उचलली गेली. तासन्‌तास फरशीवर पडून राहिलेल्या माणसाचे स्नायू आपल्याच वजनाखाली मरायला लागतात, त्यांतला स्राव मूत्रपिंडावर जातो, पाठीला जखमा होतात. ते तिला झालं नाही. पाचवं कारण पाचवं आहे म्हणजे ते नाही असं नव्हे. भगवंतांनी ते यादीतून गाळलं नाही. चार कारणं सांभाळल्यावर जे उरतं, तेवढंच त्याचं. तिथे मीही हात जोडते, आणि त्या बाईंना कुणी एक शब्द बोलू नये एवढं बघते.

काकू आता वॉकर घेऊन येतात. त्यांच्या मुलानं पायरीच्या कडेला पिवळा पट्टा मारला आहे, पायपुसणं गेलं, बोळात हालचाल झाली की लागणारा दिवा आहे, आणि लघवीची गोळी डॉक्टरांना विचारून सकाळी आणली आहे. मंदिरात मात्र आमचं घोडं अडलं आहे. अभिषेकाचं पाणी गाभाऱ्यातून वाहत सभामंडपाच्या पायऱ्यांवर येतं. पन्हळ करावी आणि पायऱ्यांना एका बाजूनं तरी कठडा लावावा, असं मी विश्वस्तांना लिहून दिलं. जुन्या दगडाला भोकं पाडायची नाहीत म्हणून कठडा नको, असं उत्तर आलं. दगड जुना आहे, सुंदर आहे, हे मलाही दिसतं. तेव्हा भोकं न पाडता, जमिनीवर स्वतंत्र पाया घेऊन उभा राहणारा कठडा लोहाराकडून आखून घेतला आहे. गुरुजींनी अर्जावर सही केली, अण्णांनीही केली. कृष्णाबाईच्या उत्सवाआधी तो बसवायचा आहे, कारण त्या दिवसांत घाटावरून ओल्या पायांनी बायका ओट्या घेऊन वर येतात.